शेपटीवरचा दिवा

उन्हाळ्याच्या सुटीत आमचा आठ वर्षांचा नातू पुण्याहून महिनाभरासाठी इंदूरला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपडे थोडे आणि प्राणी फार होते. त्यांतला एक नारिंगी रंगाचा, वीतभर उंचीचा रबरी सरडा त्याने आमच्या लिहिण्याच्या मेजावर आणून ठेवला आणि बजावले, “आबा, ह्याला हलवू नका हं. आणि पंख्याचा वारा ह्याच्यावर नको.” वारा का नको, हे आम्ही विचारले नाही. राज्य शासनाच्या सेवेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला कारण न विचारता आदेश पाळण्याची सवय असते. आम्ही मेजावरच्या पंख्याचे तोंड फिरवले आणि वर्तमानपत्र उघडले.

सरड्याच्या जातीविषयी आमच्या मनात पूर्वीपासून फारसा आदर नाही. खुद्द मराठी भाषेतही तो नाही. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आम्ही सेवाकाळात कितीतरी सहकाऱ्यांना मनातल्या मनात लावली, आणि त्यांनीही ती आम्हाला लावली असेल. मत बदलणाऱ्याला सरडा म्हणण्याची सोय आहेच. मनात शंका आली की पाल चुकचुकते. त्या कुळात मान मिळाला तो एकट्या घोरपडीला, आणि तोही सिंहगडाच्या आख्यायिकेच्या पुण्याईवर. असा प्राणी मुलांनी उशाशी घेऊन निजावे, हे आमच्या पिढीच्या आकलनापलीकडचे होते.

नातवाने मात्र धीर सोडला नाही. चार दिवस आमचे वर्तमानपत्र संपण्याची वाट पाहून पाचव्या दिवशी त्याने आमची शिकवणीच घेतली. ह्या प्राण्याचे नाव चारमँडर. पोकेमॉन नावाच्या जपानी व्हिडिओ खेळातला. अनुक्रमांक ४, उंची ०.६ मीटर, वजन ८.५ किलोग्रॅम, प्रकार अग्नी. १६ व्या पायरीवर त्याचा चारमेलियन होतो, ३६ व्या पायरीवर चारिझार्ड. ही सारी माहिती त्याने एका दमात सांगितली. आयुष्यभर सेवापुस्तके हाताळलेल्या आम्हाला ती एकदम ओळखीची वाटली. नाव, क्रमांक, प्रवर्ग, पदोन्नतीचे टप्पे. काहीच राहिले नव्हते.

“म्हणजे शेवटी हा ड्रॅगन होतो तर?” चित्रातले मोठे पंख पाहून आम्ही विचारले.

“दिसतो तसा, आबा. पण प्रकार अग्नी आणि उड्डाण. ड्रॅगन नाही.”

रूप ड्रॅगनचे, काम ड्रॅगनचे, आणि कागदोपत्री मात्र भलत्याच प्रवर्गात नोंद! असे कर्मचारी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्या क्षणी ह्या प्राण्याविषयी आम्हाला पहिल्यांदा आपुलकी वाटली.

“आणि ही शेपटीच्या टोकाला ज्वाळा आहे ना, ती जन्मापासून असते. तोच त्याचा जीव. ती विझली की तो मरतो.” एवढे सांगून त्याने पंख्याकडे बोट दाखवले. कारण न विचारता पाळलेल्या आदेशाचे कारण असे पाच दिवसांनी कळले.

निवृत्तीनंतर वेळ हाताशी असतो, आणि प्रकरण समोर आले की मूळ कागद पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, ही जुनी खोड. म्हणून आम्ही ह्या सरड्याची कुळकथा शोधावयास बसलो. ह्या खेळाचे जनक सातोशी ताजिरी. जन्म १९६५. त्यांचे बालपण टोकियोलगतच्या माचिदा ह्या भागात गेले. तेथील शेतांत आणि तळ्यांकाठी किडे धरण्याचा त्यांना विलक्षण नाद. पुढे शहर वाढले, शेते बुजली, त्यांवर इमारती आणि रस्ते झाले आणि किडे नाहीसे झाले. निन्टेन्डो कंपनीचे गेम बॉय हे हातात धरावयाचे यंत्र १९८९ साली निघाले. दोन यंत्रे तारेने जोडता येतात हे पाहून ताजिरींच्या मनात आले की, ह्या तारेवरून एखादा किडा एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे चालत गेला तर? त्या कल्पनेतून हा खेळ उभा राहिला. तो तयार व्हावयास सुमारे सहा वर्षे लागली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्याच्या लाल आणि हिरवी अशा दोन आवृत्त्या जपानात निघाल्या. प्राणी होते १५१, पण एकाच आवृत्तीत सारे मिळत नसत. संग्रह पुरा करावयाचा तर दुसऱ्या मुलाशी मैत्री करून देवाणघेवाण करणे भाग होते.

हे वाचून आम्ही थोडे वरमलो. हा खेळ मुलांना एकलकोंडे करतो, असे आम्ही वर्षानुवर्षे घरात ठासून सांगत आलो होतो. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी बुजलेल्या तळ्यांची हळहळ होती आणि दोन मुलांना जोडणारी तार होती.

आमच्या सरड्याचे मूळ जपानी नाव हितोकागे. ‘हि’ म्हणजे अग्नी, ‘तोकागे’ म्हणजे सरडा. सरळ ‘अग्निसरडा’. इंग्रजी नाव जळण्याचा अर्थ असलेल्या एका शब्दाला सॅलमँडर हा शब्द जोडून केलेले. सॅलमँडर अग्नीत राहू शकतो असा युरोपात फार जुना समज होता. हा प्राणी इतका थंड असतो की त्याच्या स्पर्शाने आग विझते, असे रोमन पंडित प्लिनी लिहून गेला. खरा सॅलमँडर बिचारा ओलसर लाकडांच्या भेगांत राहणारा, बेडकाच्या वर्गातला उभयचर. लाकूड चुलीत घातले की तो जीव घेऊन बाहेर पळे आणि पाहणाऱ्यांना वाटे की, हा ज्वाळांतूनच जन्मला. आग सोसवत नाही म्हणून पळणाऱ्याला लोकांनी आगीचा राजा ठरवले! जपानी चित्रकारांनी त्याचे पुन्हा सरड्यात रूपांतर केले आणि त्याच्या अंगातली आग शेपटीच्या टोकावर आणून ठेवली.

ह्या शेपटीच्या जागेवर आमचे मन अडले. दिव्याला जीव मानण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. आमच्या आजी ‘दिवा विझला’ असे कोणी म्हटले की डोळे मोठे करीत. ‘दिव्याला निरोप दिला’ म्हणावे, असा त्यांचा दंडक. देवघरातल्या समईची वात त्या झोपण्यापूर्वी दोनदा पाहून येत. मुलाला वंशाचा दिवा म्हणण्याचीही चाल, आज तो शब्द मुलींपुढे उच्चारण्यास संकोच वाटत असला तरी. पण आपले सारे दिवे समोर ठेवलेले असतात. ह्या प्राण्याचा दिवा त्याच्या पाठीमागे आहे. त्याला तो सदैव दिसत नाही. तो मंद झाला आहे की तेज आहे, हे मागून येणाऱ्यानेच पाहावयाचे. एखाद्या मुलाचे मन नेमके असेच असते, असे आम्हाला वाटून गेले. पण तो विचार त्या दिवशी तेवढ्यावरच राहिला.

पुढची गोष्ट आठवड्याने घडली. दुपारी नातवाने पोकेमॉनच्या जुन्या चित्रमालिकेतला एक भाग आम्हाला बळेच पाहावयास बसवले. ही मालिका जपानात १९९७ साली सुरू झाली. तिच्या नायकाचे नाव इंग्रजीत ॲश, पण जपानीत सातोशीच, कर्त्याच्याच नावावरून ठेवलेले. भाग अकरावा. वाटेत एका मोठ्या दगडावर हा छोटा चारमँडर एकटाच बसलेला आहे. त्याची ज्वाळा मंद आहे. ॲश आणि त्याचे सोबती त्याला चल म्हणतात, पण तो हलत नाही. कारण त्याच्या मालकाने त्याला ‘मी येईपर्यंत इथेच थांब’ असे सांगितले आहे. मग वादळी पाऊस सुरू होतो. तिकडे उबेच्या जागी बसून तो मालक, डेमियन त्याचे नाव, मित्रांपुढे बढाया मारीत असतो की, तो दुबळा प्राणी नको होता म्हणून आपण त्याला टाकून आलो, आणि तो वेडा अजून वाट पाहत असेल. इकडे दगडावर चारमँडर एक पान धरून आपल्या शेपटीवर आडोसा करतो आहे.

“ते पान बघा, आबा,” नातू म्हणाला. “स्वतः भिजतोय, पण पान शेपटीवर.”

पान! आमच्या डोळ्यांपुढे एक वहीचे पान उभे राहिले. दगड, दगडावर बसलेला बुटका सरडा, तिरप्या रेघांचा पाऊस, आणि त्याच्या शेपटीवर आडवे धरलेले एक पान. हे चित्र आम्ही पूर्वी पाहिले होते, आणि ते कोणी काढले होते हेही आम्हाला ठाऊक होते.

माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवण्यास संध्याकाळ उजाडली. आमच्या सौभाग्यवतींनी चिरंजीवांच्या सर्व वह्या जपून ठेवल्या आहेत. इयत्ता चौथीची गणिताची वही सापडली. भागाकाराच्या उदाहरणांनंतरच्या कोऱ्या पानावर ते चित्र होते, रंगीत खडूंनी काढलेले. त्याखाली तांबड्या शाईत आमचे वळणदार अक्षर: ‘अनावश्यक. वेळेचा अपव्यय. अभ्यासाकडे लक्ष द्यावे.’ खाली आमची आद्याक्षरे आणि तारीख, ४ जानेवारी २००४.

ह्या तारखेमागची हकीकत सांगणे प्राप्त आहे. २००३ साली आम्ही राज्याच्या पश्चिमेकडील एका जिल्ह्यात कामावर होतो. इंदूरपासून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर; पण त्या वेळचे आमच्या राज्यातले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे अंतर किती तासांचे असे, ते सांगावयास नको. सौभाग्यवती इंदुरात शाळेत शिकवीत, म्हणून त्या, चिरंजीव आणि आमचे वडील इंदूरच्या घरी. दर शनिवारी येण्याचा आमचा संकल्प असे, आणि तीनांतले दोन शनिवार तो मोडत असे. त्याच वर्षी भारतात कार्टून नेटवर्कवर हा पोकेमॉन हिंदी बोलू लागला. आम्हाला त्याचा पत्ता घरातील तक्रारीवरून लागला. वीजकपातीचे दिवस होते. मालिका ऐन रंगात आली की वीज जाई आणि चिरंजीव जेवणावर रुसत.

दिवाळीला नक्की येतो, असे आम्ही दूरध्वनीवर सांगितले होते. पण १ डिसेंबरला विधानसभेचे मतदान होते. कामाचा रेटा वाढला आणि आमची रजा निघाली नाही. ह्यात कोणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. निवडणूक ही रजेपेक्षा मोठी आहे, असे तेव्हा वाटले होते आणि आजही वाटते. आम्ही येत नाही हे कळवण्यासाठी मात्र आम्ही लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दूरध्वनी केला. आदल्या दिवशी करता आला असता. मुलाचा आवाज ऐकण्याचे धैर्य झाले नाही, हे खरे कारण; ते आजवर आम्ही कोणाला सांगितले नव्हते.

त्या रात्री वह्या चाळताना सौभाग्यवती सहज बोलाव्यात तसे बोलल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वीज गेलेली होती. ओट्यावर मांडलेल्या पणत्या वाऱ्याने सारख्या फडफडत होत्या. चिरंजीव जेवावयास न येता तेथेच बसून राहिले, वात पुढे सारीत आणि हाताचा आडोसा करीत. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोनदा हाक मारली. “बाबांना घर दिसलं पाहिजे ना,” एवढेच ते म्हणाले. नऊ वाजता नानांनी त्यांना उचलून आत नेले.

“हे तुम्ही मला तेव्हा का सांगितलं नाही?” आम्ही विचारले.

“तुम्ही विचारलं कधी?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

निवडणूक आटोपून, मागची कामे उरकून आम्ही जानेवारीत घरी आलो. आल्या आल्या पहिले काम काय केले, तर वह्या तपासल्या. समोर चित्र होते. मुलाने जे तोंडाने सांगितले नाही ते सारे त्या चित्रात होते. दगड, पाऊस, मंद ज्योत, आडोसा. हे पान कशाला, एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुरे होते. आम्ही तांबडी लेखणी उघडली. अहवाल वाचून त्यातील नेमकी मेख काढण्याबद्दल कार्यालयात आमची ख्याती होती. घरातला एकच अहवाल आम्हाला वाचता आला नाही.

त्या मालिकेची पुढची कथा नातवाने आम्हाला सांगितली. ॲश त्या चारमँडरला पावसातून उचलून नेतो आणि त्याचा जीव वाचतो. डेमियन पुढे त्याला न्यावयास येतोही, कारण आता तो कामाचा आहे असे त्याला दिसते. पण चारमँडर त्याच्याबरोबर जात नाही. तो ॲशचा होतो. मात्र सुखान्त इतका सोपा नाही. चारमेलियन झाल्यावर तो उद्धट होतो, चारिझार्ड झाल्यावर तर ऐकेनासाच होतो. भर सामन्यात तो डुलकी काढतो. पुष्कळ भागांनंतर एका लढाईत तो बर्फाने गोठतो, तेव्हा ॲश रात्रभर त्याचे अंग चोळून त्याला ऊब देतो, आणि त्यानंतर तो पुन्हा त्याचे ऐकू लागतो.

आमचे चिरंजीवही सोळाव्या वर्षी आमच्याशी जवळजवळ बोलेनासे झाले होते. आम्ही ते वयाचे लक्षण मानले. तोवर आमची बदली इंदुरास झाली होती आणि आम्ही रोज संध्याकाळी घरी असू. पण घरी असणे आणि जवळ असणे ह्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या वर्षांत त्यांना ऊब दिली ती नानांनी. रोज रात्री ते नातवाला घेऊन राजवाड्यापर्यंत पायी फेरी मारीत. काय बोलत, ते आम्हाला ठाऊक नाही. नाना २०११ साली गेले, तेव्हा चिरंजीव जसे रडले तसे त्यांना रडताना आम्ही लहानपणीही पाहिले नव्हते.

जूनमध्ये चिरंजीव मुलाला न्यावयास आले. जेवणे झाल्यावर आम्ही ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चित्र पाहिले, शेरा वाचला आणि ते मोठ्याने हसले. “अरे, ही अजून आहे? बाबा, तुमचं अक्षर मात्र सुंदर होतं हं.”

आम्ही म्हणालो, “त्या दिवाळीला मी आलो नाही.”

ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “बाबा, मी तुम्हाला डेमियन कधीच समजलो नाही. त्याला यायचंच नव्हतं. तुम्हाला येता आलं नाही, एवढं दहाव्या वर्षीही कळत होतं. नाना सांगायचे.” आणि जरा वेळाने, वहीचे पान उलटता उलटता, “शेऱ्याचं मात्र वाईट वाटलं होतं. मला वाटलं होतं, तुम्ही विचाराल.”

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची घरे अशाच वाट पाहण्यावर उभी राहिली आहेत. आपले पूर्वज होळकरांच्या, शिंद्यांच्या किंवा गायकवाडांच्या चाकरीत घरदार मागे ठेवून आले. पुढे आपण बदल्यांवर गेलो. आता आपली मुले पुण्याला, बेंगळुरूला आणि त्याहून दूर आहेत. कोणीतरी ओट्यावर बसतो आणि कोणीतरी येऊ शकत नाही, हे आपल्या कुळांत नवे नाही. ते मुलांना समजते आणि बहुधा ती क्षमाही करतात. पण परत आलेल्या माणसाने मागे वळून दिवा पाहिला की नाही, हे ती विसरत नाहीत. आमचा अपराध न येण्याचा नव्हता. तो येऊनही न पाहण्याचा होता.

खेळाच्या आरंभी मुलाला तीन प्राण्यांतून एक निवडावयाचा असतो: पाठीवर कंद असलेला बल्बासॉर, कासवासारखा स्क्वर्टल, किंवा हा चारमँडर. चारमँडर घेणाऱ्याची वाट त्या पहिल्या खेळात सर्वांत खडतर. पहिला मोठा सामना खडकाच्या जातीच्या प्राण्यांशी, दुसरा पाण्याच्या. दोन्ही अग्नीचे वैरी. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही नातवाला विचारले, “मग तू हाच का घेतलास?”

“कारण ह्याची काळजी घ्यावी लागते,” तो म्हणाला. थोडा विचार करून त्याने पुढे जोडले, “बाबांनीही हाच घेतला होता.”

ते गेल्यावर घर शांत झाले. वही आम्ही मेजावर घेतली. पूर्वीचा शेरा खोडण्याचा अधिकार कोणालाच नसतो. त्याखाली नवा शेरा लिहिता येतो, एवढीच नियमाची मुभा. आम्ही निळ्या शाईने लिहिले: ‘वरील शेरा रद्द समजावा. चित्र उत्तम आहे. पानाचे कारण समजले. समजण्यास विलंब झाला, त्याची जबाबदारी खाली सही करणाऱ्याची.’ सही केली, तारीख घातली आणि त्या पानाचे छायाचित्र चिरंजीवांना धाडले.

उत्तर रात्री आले. त्यात शब्द नव्हते. नातवाने काढलेले एक चित्र होते. दगड तोच, सरडा तोच, पाऊस तोच. फक्त त्याच्या शेजारी चष्मा लावलेला एक म्हातारा बसला होता, आणि पान त्याने धरले होते.

नातू जाताना तो रबरी सरडा आमच्या मेजावर ठेवून गेला आहे. पंख्याचे तोंड आम्ही अजून त्याच्याकडे केलेले नाही.